द्विमितीय कप्प्यांतील सारांश

द्विमितीय कप्प्यांतील सारांश ही संख्याशास्त्रीय आलेखनातील एक पद्धत आहे. तिच्यात दोन संख्यात्मक चलांच्या प्रतलावर सारख्या आकाराचे कप्पे पाडतात, प्रत्येक कप्प्यात आलेल्या निरीक्षणांवरून तिसऱ्या चलाचा सारांश काढतात आणि तो रंगाने दाखवतात. सारांश म्हणून बहुधा सरासरी घेतात. मध्यक (मूल्ये क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य), बेरीज, प्रमाण विचलन (मूल्ये किती पसरली आहेत याचे माप) किंवा एखादे शतमानही (ठराविक टक्के मूल्ये ज्याच्या खाली येतात ते मूल्य) चालते. द्विमितीय हिस्टोग्राममध्ये रंगावरून निरीक्षणांची संख्या कळते, इथे त्यांचे मूल्य कळते. प्रत्येक निरीक्षणासाठी एक बिंदू काढणाऱ्या विखुरण आलेखात हजारो बिंदू एकमेकांवर चढून नुसता काळा ढग दिसू लागतो, तेव्हा ही पद्धत विशेष उपयोगी पडते.

आर या संगणकीय भाषेतल्या जीजीप्लॉट2 या आलेखनाच्या पॅकेजात यासाठी 'स्टॅट समरी टूडी' हे फलन आहे. वेगळे काही न सांगितल्यास ते दोन्ही अक्षांवर 30-30 कप्पे पाडते आणि सरासरी काढते. पायथन भाषेत सायपाय या पॅकेजाच्या 'बिन्ड स्टॅटिस्टिक टूडी' या फलनाने हेच काम होते.

जीजीप्लॉट2 सोबत 53,940 हिऱ्यांची माहिती मिळते. आडव्या अक्षावर कॅरट, उभ्या अक्षावर खोलीची टक्केवारी (हिऱ्याची उंची त्याच्या सरासरी रुंदीच्या किती टक्के आहे ते) आणि रंगात डॉलरमधली सरासरी किंमत, असा आलेख काढला तर कॅरट वाढेल तसा रंग बदलत जातो, हे लगेच नजरेत भरते. पण सगळ्यात उजवीकडचा कप्पा जरा निरखून पाहावा. कॅरटच्या अक्षावर एका कप्प्याची रुंदी सुमारे 0.16 भरते आणि त्या टोकाला 5.01 कॅरटचा एकच हिरा आहे. त्याची किंमत 18,018 डॉलर, म्हणून त्या कप्प्याची 'सरासरी'ही 18,018. उलट, सगळ्या हिऱ्यांपैकी निम्म्यांची खोली 61 ते 62.5 टक्क्यांच्या दरम्यान आहे आणि उभ्या अक्षावर एक कप्पा 1.2 टक्क्यांचा. म्हणजे निम्मे हिरे दोन-तीन ओळींतच दाटलेले! हजारो हिऱ्यांच्या कप्प्याला आणि एकाच हिऱ्याच्या कप्प्याला आलेखात सारखीच जागा मिळते. त्यामुळे निरीक्षणांची संख्या दाखवणारा दुसरा आलेख शेजारी ठेवल्याशिवाय असा आलेख छापू नये. निदान फार कमी निरीक्षणांचे कप्पे तरी वगळावेत.

रिकाम्या कप्प्याला शून्याचा रंग देणे ही सरळ चूक आहे. तिथे किंमत शून्य नसते, तिथे हिराच नसतो. जीजीप्लॉट2 असे कप्पे आपणहून गाळते.

सरासरी की मध्यक, हा निर्णय विचार करून घ्यावा. याच हिऱ्यांची सरासरी किंमत सुमारे 3,933 डॉलर आहे आणि मध्यक 2,401. मोजके महागडे हिरे सरासरीला वर ओढतात.

कप्प्यांचा आकार बदलला, नुसत्या सीमा सरकवल्या, तरी चित्र बदलते. मोठ्या कप्प्यांत बारकावे पुसले जातात, लहान कप्प्यांत योगायोगाचे चढउतार ठळक होतात. दोन-तीन रुंदी वापरून पाहाव्यात आणि प्रत्येक वेळी टिकून राहणाऱ्या आकृतीवरच विश्वास ठेवावा. चौकोनांऐवजी षट्कोनही वापरतात; षट्कोनाच्या केंद्रापासून सहाही शेजाऱ्यांची केंद्रे सारख्या अंतरावर असल्याने आडव्या-उभ्या रेषांचा भास कमी होतो.

आलेखांखेरीज सागरी हवामानशास्त्रातही हीच रीत आहे. आयकोड्स या आंतरराष्ट्रीय संग्रहात 1800 पासूनच्या जहाजी नोंदींचे मासिक सारांश 2 अंश अक्षांश गुणिले 2 अंश रेखांशाच्या चौकटींत दिले आहेत. त्यात सरासरीसोबत नोंदींची संख्याही दिलेली असते. वर्दळीच्या जलमार्गांवरच्या चौकटी नोंदींनी भरलेल्या असतात, दक्षिण महासागरातल्या कितीतरी रित्या.