ताणाखालील वनस्पतींची वाढ : जनुकीय व संप्रेरकीय नियंत्रण

अवर्षण, क्षार, थंडी, उष्णता किंवा पूर अशा प्रतिकूल परिस्थितीत वनस्पतींची वाढ मंदावते. हा निव्वळ इजेचा किंवा उपासमारीचा परिणाम आहे असे वरवर वाटते. पण बऱ्याच अंशी वनस्पतीच आपली वाढ रोखून धरते. ताणाची चाहूल लागताच पेशींतील संप्रेरकांचे प्रमाण बदलते, त्यानुसार अनेक जनुके कार्यान्वित किंवा निष्क्रिय होतात आणि वाढीऐवजी तग धरण्याला प्राधान्य मिळते.

पाण्याच्या टंचाईत अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक प्रमुख ठरते. एरवी पीपी२सी गटातील फॉस्फेटेज विकरे (प्रथिनांवरील फॉस्फेट काढणारी) एसएनआरके२ या कायनेज विकरांना (प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांचे कार्य बदलणाऱ्या) निष्क्रिय ठेवतात. या संप्रेरकाची ग्राही प्रथिने, म्हणजे त्याचा संकेत टिपणारी प्रथिने, २००९ मध्ये ओळखली गेली. संप्रेरक त्यांना जोडले गेले की ती फॉस्फेटेजांना रोखतात, आणि मोकळी झालेली कायनेजे एकीकडे पर्णरंध्रांच्या रक्षक पेशींतून आयन बाहेर पडण्याचा मार्ग उघडून रंध्रे मिटवतात, तर दुसरीकडे संरक्षक जनुकांचे नियमन करणारी प्रथिने कार्यान्वित करतात.

जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक डेला नावाच्या वाढरोधक प्रथिनांचा नाश घडवून आणते. क्षारयुक्त परिस्थितीत जिबरेलिन घटते, त्यामुळे डेला प्रथिने साचतात आणि वाढ मंदावते. अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत अभ्यासासाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीवरील २००६ मधील प्रयोगांत यापैकी चार डेला जनुके निकामी असलेली रोपे क्षारातही कमी खुंटली, पण ती तगण्यात मात्र मागे पडली. वाढ रोखण्याचे मोल यातून स्पष्ट दिसते. हरितक्रांतीतील बुटक्या गव्हाचे आरएचटी जनुक हेही डेलाचेच बदललेले रूप आहे.

या नियंत्रणाचे सर्वांत बोलके उदाहरण भाताचे आहे. वायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजारपट हळू पसरतात, म्हणून बुडालेल्या रोपात एथिलीन हे वायुरूप संप्रेरक साचते. खोल पाण्यातील भातात हे एथिलीन स्नॉर्केल-१ व स्नॉर्केल-२ ही जनुके जागी करते. जिबरेलिनच्या साहाय्याने खोडाची कांडी झपाट्याने लांबतात आणि पाने पाण्याबाहेर राहतात. ओडिशातील एफआर१३ए या पारंपरिक वाणात मात्र त्याच जनुककुळातील सब१ए हे जनुक, तेही एथिलीनच्याच संकेताने, जिबरेलिनला रोखणारी प्रथिने वाढवते. हे रोप न वाढता शर्करा जपून ठेवते आणि सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तगून राहते. संकेत एकच असूनही पूर दीर्घकाळ टिकणारा असेल तर पहिला मार्ग उपयोगी पडतो आणि अल्पकाळात ओसरणारा असेल तर दुसरा.

पीकसुधारणेत या ज्ञानाचा उपयोग करताना जनुक केव्हा जागे होते हे निर्णायक ठरते. थंडी व अवर्षणाशी संबंधित डीआरईबी१ए हे जनुक अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये सतत कार्यरत ठेवले असता झाडे खुंटली. १९९९ मध्ये ते फक्त ताणाच्या वेळी जागे होईल अशी योजना केल्यावर हा दोष बराच कमी झाला. स्वर्णा या भाताच्या वाणात संकराने आणलेले सब१ए मुख्यतः बुडण्याच्या काळातच सक्रिय होत असल्यामुळे पूर नसलेल्या हंगामात स्वर्णा-सब१ चे उत्पादन मूळ स्वर्णाइतकेच येते.