मध्यमवयातील मेंदूचे आरोग्य

साधारण चाळीस ते पासष्ट या वयात स्मरण, एकाग्रता आणि निर्णयशक्ती टिकवण्यासाठी घ्यायची काळजी. मराठीत ‘चाळिशी’ म्हणजे वयही आणि त्या वयात नाकावर येणारा चष्माही. डोळ्यांची कुरकुर सुरू झाली की आपण नंबर काढून घेतो. विसरायला होऊ लागले की मात्र ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. ही घाई आहे. या वयातल्या विसराळूपणामागे पुष्कळदा दुरुस्त होण्याजोगे कारण असते.

त्यातले पहिले कारण ताण. ताण आला की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. थोड्या वेळापुरते ते उपयोगीच पडते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्यूएन यांनी १९६८ साली उंदरांवरील प्रयोगांत दाखवले, की नव्या आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग ताणाची संप्रेरके पकडून ठेवतो. म्हणजे ताणाचा घाव थेट स्मरणाच्या जागी बसतो. ताण दीर्घकाळ उतरलाच नाही तर तिथल्या चेतापेशींच्या शाखा आखडतात. ताण हटल्यावर त्या बऱ्याच अंशी पुन्हा वाढतात, हेही प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे, आणि या विषयातली सर्वांत आशादायक गोष्ट हीच.

मार्चअखेरचे काम, आईचे ऑपरेशन आणि मुलीची दहावी एकाच महिन्यात आलेला माणूस फोनवर बोलत दाराला कुलूप लावतो, दोन जिने उतरतो आणि कुलूप लावले का ते आठवेना म्हणून परत वर येतो. कुलूप नीट लागलेले असते. इथे आठवण पुसली गेलेली नाही. लक्ष फोनवर असल्याने तिची नोंदच झाली नव्हती. रोजचा रस्ता चुकणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणे, नेहमीचा हिशेब जमेनासा होणे ही लक्षणे वेगळी. त्यासाठी डॉक्टरांकडे जायलाच हवे. रजोनिवृत्तीच्या आसपास अनेक स्त्रियांना शब्द चटकन आठवत नाहीत. तो त्रास खरा असतो, त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणणे अन्यायाचे आहे.

ताणात पहिली कुऱ्हाड झोपेवर पडते. ब्रिटनमधील सुमारे ८,००० सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घ पाहणीत (२०२१) पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सातत्याने सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्के जास्त आढळला.

रक्तदाबाचा त्रास जाणवत नाही, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ असे सांगून बीपीची गोळी परस्पर बंद केली जाते. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या मात्र त्याची किंमत मोजत राहतात. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत (२०१९) वरचा रक्तदाब १४०ऐवजी १२०च्या खाली आणण्याचे उपचार घेणाऱ्यांत सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी होते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली. मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव ही अपेक्षित नावे त्यात आहेत. पण मध्यमवयातील कारणांत सर्वांत वजनदार दोन म्हणजे वाढलेले एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल आणि कमी ऐकू येणे. ऐकू न आल्याने माणूस गप्पांतून बाहेर पडतो आणि अर्धवट कानी आलेले जुळवण्यातच मेंदू शिणतो. चष्मा सहज लावणारी माणसे कानाच्या मशीनला वर्षानुवर्षे नकार देतात, हे फार वाईट आहे.

महाराष्ट्रात आणखी एक कारण आवर्जून तपासावे लागते: बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. पुण्यातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत (२००६) सुमारे दोन तृतीयांश जणांत ते कमी असल्याचे नोंदवले. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून जवळजवळ मिळत नाही. शाकाहारी घरांत त्याचा आधार दूध-दह्यावरच असतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यांतही ते घटू शकते. हातापायांना मुंग्या, थकवा आणि विसराळूपणा एकत्र आले तर रक्तातील बी-१२ आणि थायरॉइड तपासतात. कमतरता निघाल्यास गोळ्या किंवा इंजेक्शने देतात. उपचार लवकर सुरू झाले तर गेलेले स्मरण बरेचदा परत येते.