बेबी क्लास आणि बायांचा ग्रुप: झोप न झालेल्या आईने आधी काय बघावं

मागच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये एक नवीन आई भेटली, बाळ तीन महिन्यांचं, दोन दिवस केस विंचरले नसावेत असा चेहरा, आणि लिफ्टमध्येच तिने विचारलं, ताई तुम्ही तुमच्या लेकीला कुठला ग्रुप लावला होता? ते "ग्रुप लावला" माझ्या डोक्यात दोन दिवस फिरत राहिलं, कारण दीड वर्षापूर्वी मी पण अगदी असंच बोलायचे. क्लास लावतात, पेपर लावतात, दूध लावतात. ग्रुप लावता येत नाही, त्यात जाऊन बसावं लागतं. मला हा फरक कळायला तीन महिन्यांची फी आणि पूर्ण मे महिना गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

क्लास म्हणजे फी, बॅच, वेळ, शिकवणारी एक मॅडम आणि ठरलेला कार्यक्रम. बाळाला मालिश, बाळाचा योगा, गाणी, रंगीत कापडं, खुळखुळे, हल्ली त्याला सेन्सरी प्ले म्हणतात. जळगाव, धुळ्यात पण आता हे मिळतं. ग्रुप म्हणजे पाच-सात आया, त्यांची बाळं, एखादी आजी, एक सतरंजी, आणि कोणी काही शिकवत नाही. गोंधळ होतो कारण नावं उलटसुलट असतात. बोर्डवर "मदर टॉडलर ग्रुप" लिहिलेलं असतं आणि आत शुद्ध क्लास चालू असतो. "प्ले ग्रुप" तर सरळ शाळाच आहे, दोन-अडीच वर्षांच्या मुलाला सोडून यायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मम्मी ग्रुप रात्री तीनला उत्तर देतो हे खरं, मला त्याचा आधार पण झालाय, पण तो तुमच्या हातातलं बाळ पाच मिनिटं घेऊ शकत नाही. आणि अंगणवाडी, जिला आपण शहरातले लोक "तीन वर्षांच्या पुढच्या मुलांची शाळा" समजून सोडून देतो, ती तीन वर्षांच्या आतल्या बाळासाठी आणि त्याच्या आईसाठी पण आहे, त्यावर खाली येतेच.

आधी माझा क्लास सांगते. बाळंतपण माहेरी धुळ्याला झालं, तीन महिने आईकडे होते, एप्रिलमध्ये जळगावला परत आले. नवरा एमआयडीसीत, आठवडाआड शिफ्ट बदलते, सासूबाई गावी, शेती सोडून येणं शक्य नाही. घरात मी आणि चार महिन्यांची लेक. दिवसभर दाराची बेल वाजली तर ती कुरिअरवाल्याची. अशा वेळी कुणीतरी क्लासची जाहिरात पाठवली, "पहिल्या 1000 दिवसांत बाळाचा मेंदू" वगैरे लिहिलेलं, आणि मला वाटलं मी घरात बसून हिचं नुकसान करतेय. तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले. बॅच सकाळी 11 ची. जळगावचा मे महिना आणि 11 वाजता स्कूटीवर बाळ घेऊन जायचं, हे लिहितानाच मला आता कसंतरी होतं. चारदा गेले. एकदा ती पूर्ण वेळ झोपली, एकदा पूर्ण वेळ रडली, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले त्यात एक बुडला, मग तिला ताप, मग मला. पैसे परत मिळणार नाहीत, दुसऱ्या बॅचला पण बसवणार नाही असं सांगितलं, पावतीवर तसं बारीक अक्षरात छापलेलंच होतं.

पण पैशांपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागली. शेवटच्या दिवशी सगळ्या बाळांवर ते सात रंगांचं मोठं गोल कापड धरलेलं, मॅडम इंग्रजी गाणं म्हणतायत, माझी लेक त्या कापडाच्या शिवणीचा दोरा तोंडात घालून चघळतेय, आणि माझ्या शेजारी एक बाई बसलेली, तिच्या कुर्त्यावर दुधाचा ओला डाग, माझ्या पण होता. चार वेळा आम्ही अशाच शेजारी बसलो आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं, कारण 45 मिनिटांत बोलायला जागाच नव्हती, गाणं संपलं की खुळखुळे, खुळखुळे संपले की बुडबुडे, मग पुढची बॅच दारात.

आता बाळाला ह्यातून काय मिळतं ते बघू, कारण अपराधीपणा तिथूनच येतो. चार-सहा महिन्यांच्या बाळाला "मित्र" लागत नाहीत. लहान मुलं बराच काळ एकमेकांच्या शेजारी बसून आपापलं खेळतात, मिळून खेळणं साधारण दोन-तीन वर्षांच्या पुढे जमायला लागतं. पहिल्या वर्षात बाळाला लागतो तो ओळखीचा चेहरा, त्याने आवाज काढला की त्याला उत्तर देणारं कुणीतरी, आणि जमीन. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की रांगायला न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान 30 मिनिटं पोटावर ठेवा, आणि एक वर्षाच्या आत स्क्रीन नकोच. आपल्या इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं म्हणणं दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल चालेल. म्हणजे बाळाला मोबाइलसमोर बसवायचा ऑनलाइन बेबी क्लास कुणी विकत असेल तर तिथेच थांबा. सेन्सरी प्ले म्हणाल तर स्टीलची वाटी आणि चमचा, धुतलेली मेथीची जुडी, आजोबांचा सुती रुमाल, टबमधलं कोमट पाणी, ह्यात बाळाला लागतं ते सगळं येतं. मालिश तर खान्देशात घरोघरी आहे, त्यासाठी क्लास कशाला, फक्त नाकात-कानात तेल घालू देऊ नका आणि शेगडीची धुरी बाळाच्या छातीला चांगली नाही, ह्या दोन बाबतीत मात्र मालिशवाल्या मावशींशी वाद घालावा लागला तरी घाला.

मग ग्रुप कशासाठी? आईसाठी. मी हे मोकळेपणाने लिहिते कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षात "बाळाचं" म्हणून आपण जे शोधत असतो ते बरंचसं आपल्याला हवं असतं, आणि ते मागायची लाज वाटते म्हणून आपण बाळाचं नाव पुढे करतो आणि क्लास लावतो.

माझा ग्रुप श्रावणात मिळाला, कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाच्या सुमाराला. समोरच्या विंगमधल्या वहिनी प्रसाद द्यायला आल्या, माझी अवस्था बघितली आणि म्हणाल्या संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये येत जा, आम्ही बसतो. इथल्याच एमआयडीसीत बनणारी ती प्लास्टिकची चटई, त्यावर जुनी सतरंजी, चार बाळं, वेळ साडेपाच ते अंधार पडेपर्यंत. पहिल्या दिवशी लेक रडायला लागली तर मी लगेच उठायला निघाले, सवयच लागली होती, तर चोपड्याकडच्या एक आजी होत्या, त्या म्हणाल्या, "तू पहिले पाणी पे वं माय, पोरीले मी धरस." मी पाणी प्यायले. अख्खा तांब्या. तेव्हा कळलं की सकाळपासून प्यायलेच नव्हते. त्याच संध्याकाळी मी पहिल्यांदा कुणालातरी सांगितलं की पाजताना एका बाजूला चिरलंय आणि फार दुखतं, आणि दोघी एकदम म्हणाल्या आम्हाला पण झालेलं. एकीने आशाताईंना, म्हणजे वस्तीतल्या सरकारी आरोग्य कार्यकर्तीला फोन लावला, त्या दुसऱ्या दिवशी येऊन बाळाला धरायची पद्धत दाखवून गेल्या, तोंड मोठं उघडू द्यायचं, नुसतं बोंड नाही तर भोवतीचा काळा भाग पण तोंडात गेला पाहिजे. चार दिवसांत फरक पडला.

आशाताईंचं पण सांगून ठेवते कारण शहरात बऱ्याच जणींना वाटतं त्या फक्त खेड्यात असतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 42 दिवसांत त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत, तिसऱ्या, सातव्या, 14व्या, 21व्या, 28व्या आणि 42व्या दिवशी, आणि पुढे तिसऱ्या महिन्यापासून 15व्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी. माहेरून सासरी आलो की आपण दोन्हीकडच्या यादीतून निसटतो, म्हणून आपणच जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत नाव सांगायचं.

आणि अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून गरोदर बाई, पाजणारी आई आणि सहा वर्षांच्या आतलं मूल हे सगळे तिथले हक्काचे लाभार्थी आहेत. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरी न्यायचा आहार, वजन, लसीकरणाची आठवण, आणि पोषण अभियान 2018 ला आलं तेव्हापासून अन्नप्राशनसारखे आयांचे कार्यक्रम पण होतात. 2024 मध्ये केंद्राने "नवचेतना" नावाचा आराखडा आणला, त्यात जन्मापासून 36 महिन्यांपर्यंत बाळाशी घरी काय खेळायचं ते महिन्याप्रमाणे दिलंय, म्हणजे क्लासवाल्या मॅडम जे विकतात त्यातलं बरंच. मी सातव्या महिन्यात पहिल्यांदा गेले. सेविकाताईंनी वजन केलं, कार्डावरच्या आलेखात ठिपका दिला, हिरव्या पट्ट्यात होता, आणि मी तिथेच रडले, कारण सहा महिने मला सगळे "बारीक आहे गं" म्हणत होते. भिंतीला टेकून बसलेल्या एका आईने माझ्या पाठीवर हात ठेवला, ती केळीच्या मळ्यात कामाला जाते, तिचं तिसरं होतं. सगळ्या अंगणवाड्या सारख्या नसतात, जागा लहान, सेविकेवर कामाचा ढीग, हे पण खरं आहे. पण फुकट आहे, जवळ आहे, आणि तिथे दुसऱ्या आया असतात.

मग क्लास वाईटच का? नाही. क्लासला दार असतं. पैसे भरले की आत जाता येतं, कुणी ओळखीचं लागत नाही. ग्रुपमध्ये कुणीतरी हात धरून न्यावं लागतं. भुसावळला रेल्वेत बदली होऊन आलेली बाई, कुणी बोलावणारं नाही, भाषा वेगळी, तिने क्लास लावावा, मी हो म्हणेन. दुसरं, बाबा. चटईवरच्या बायांच्या ग्रुपमध्ये माझा नवरा येऊन बसला तर सगळ्या पदर सावरून गप्प होतात, तोही बिचारा दोन मिनिटांत उठतो, पण रविवारच्या क्लासला बाप बिनधास्त बसतो, बाळाला मांडीवर घेतो. बापाला बाळाबरोबर एकटं जायला निमित्त पाहिजे असेल आणि तेवढा वेळ तुम्ही झोपणार असाल तर ती फी मला योग्य वाटते. आणि क्लासमधून ग्रुप होऊ शकतो, दहा मिनिटं लवकर जा, शेजारचीला नाव विचारा, निघताना बाहेर रसवंतीवर थांबा. त्या कुर्त्यावर डाग असलेल्या बाईला मी विचारायला हवं होतं.

क्लास लावणारच असाल तर एकच प्रश्न आधी विचारा: बुडला तर काय? बाळाच्या पहिल्या वर्षात बुडणारच. दर वेळचे पैसे वेगळे घेत असतील तर उत्तम, महिन्याचे चालतील, तीन महिन्यांचे किंवा वर्षाचे एकदम भरू नका, कितीही सूट दिली तरी. एक ट्रायल घ्या आणि मॅडमकडे न बघता बाकीच्या आयांकडे बघा, त्या एकमेकींशी बोलतायत का, बाळ रडलं की कुणाच्या कपाळाला आठी पडते का. मार्च ते जून सकाळी दहाच्या पुढची बॅच आपल्या भागात घ्यायचीच नाही. गाडीचं पण बघा, 15 फेब्रुवारी 2023 पासून नियम आहे की नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या मापाचं हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा आणि वेग ताशी 40 च्या आत. नऊ महिन्यांच्या आतलं बाळ तर स्कूटीवर नेऊच नये असं आता माझं मत आहे, म्हणजे चालत जाता येईल तेवढंच अंतर. आणि दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे लसीचे डोस होईपर्यंत बंद खोलीतल्या गर्दीत बाळ नेऊ नका, क्लास असो की ग्रुप, तोवर एखादी मैत्रीणच घरी बोलवा.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे भागत नाही. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणं बहुतेक जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे पण रडू, बाळ झोपलं तरी झोप न येणं, बाळाजवळ जावंसंच न वाटणं, किंवा आपण नसलो तर बरं असं मनात येणं चालू राहिलं तर सतरंजीवर बसून ते जात नाही, डॉक्टर लागतो. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. आमच्या ग्रुपमधल्या एकीला आम्हीच तिथून फोन लावून दिला होता, तिचं बाळ तेवढा वेळ त्या चोपड्याच्या आजींच्या मांडीवर होतं.

लिफ्टमधल्या तिला मी एवढं सगळं सांगितलं नाही, तिच्या हातात दुधाची पिशवी होती आणि बाळ कुरकुरत होतं. साडेपाचला खाली ये म्हटलं. ती पहिल्या दिवशी आली नाही, दुसऱ्या दिवशी पण नाही, तिसऱ्या दिवशी मी वर जाऊन बेल वाजवली.