स्यूडोएपिथेलिओमॅटस हायपरप्लेजिया

नाव लांबलचक, म्हणून डॉक्टर लोक नुसतं पीईएच म्हणतात. हा काही वेगळा आजार नव्हे. कातडीखाली एखादं दुखणं बरेच महिने धुमसत राहिलं की त्यापायी वरची कातडी जाड होते, तिच्या वेड्यावाकड्या जिभा खोल आत उतरतात आणि मायक्रोस्कोपखाली हे सगळं थेट स्क्वेमस सेल कॅन्सरसारखं (कातडीच्या वरच्या थराचा कॅन्सर) दिसतं, अगदी केराटिनच्या, म्हणजे कातडी-नखांतल्या कडक प्रथिनाच्या, मोत्यांसकट.

कोकणात हे समजून घ्यायचं तर पायाकडे बघायचं. काजूच्या बागेत अनवाणी फिरताना काटा मोडतो, घरी सुईने काढतात, पण कुजलेल्या पाल्यातली काळी बुरशी आतच राहते आणि हळूहळू तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा खरबरीत चट्टा वाढतो, लोक चामखीळ समजून चुना लावत बसतात. हा क्रोमोब्लास्टोमायकोसिस, थोडक्यात क्रोमो, भारतात याच्या केसेस हिमालयाच्या पायथ्याशी आणि दोन्ही किनारपट्ट्यांवर सापडल्यात. स्लाइडवर वेगळा रंग न देताही तपकिरी, गोल, मधे रेघ पडलेल्या पेशी दिसतात, तांब्याच्या नाण्यांसारख्या. त्या दिसल्या की प्रश्न मिटला. पण त्या बऱ्याचदा आत, पुवाच्या बारीक पोकळ्यांत लपलेल्या असतात, म्हणजे वरवरचा पापुद्रा खरवडून पाठवला तर पॅथॉलॉजिस्टच्या हाती उरते फक्त ती फसवी कातडी, आणि सोबतच्या फॉर्मवर बरेचदा दोनच शब्द, ‘पायाची जखम’. काटा, बाग, किती दिवस, काहीच नाही!

कातडीचा टीबी, जुनाट खाज-गाठी, टॅटूच्या रंगाची रिअ‍ॅक्शन यांनीही असंच होतं. जिभेवर ग्रॅन्युलर सेल ट्यूमर नावाची साधी गाठ असते, तिच्यावरही हीच कातडी चढते, आणि पेशंट मिश्री लावणारा असला की सगळ्यांच्या मनात आधीच कॅन्सर.

पीईएच आणि खरा कॅन्सर यांतला फरक बघतात तो पेशींच्या केंद्रकांचा बेढबपणा, विचित्र पेशीविभाजन, नसांत किंवा रक्तवाहिन्यांत घुसखोरी यावर. पीईएचमध्ये हे सहसा नसतं. पी५३ नावाचं प्रथिन तपासण्यासारख्या टेस्टने मदत होते, निकाल लागतोच असं नाही. उलटी चूकही, म्हणजे खऱ्या कॅन्सरला पीईएच समजणं, महाग पडते, कारण जुन्या भाजल्याच्या व्रणात खरा कॅन्सर होतो (मार्जोलिन अल्सर), आणि वर्षानुवर्षं चिघळलेल्या क्रोमोतही क्वचित. म्हणून शंका असली की खोल बायोप्सी परत मागवतात.

पीईएचला स्वतःचं औषध नाही. क्रोमो निघाला तर इट्राकोनाझोल महिनोन्‌महिने, टीबी निघाला तर टीबीच्या गोळ्या. खालचं दुखणं बरं झालं की वरची जाडी आपसूक ओसरते.