सार्वजनिक ठिकाणी उघडपणे बंदूक बाळगणे (ठाणे व नवी मुंबई)

पिस्तूल, रिव्हॉल्वर किंवा बंदूक चारचौघांना दिसेल अशी अंगावर घेऊन रस्त्यात, बाजारात, समारंभात वावरणे. अमेरिकेच्या अनेक राज्यांत हे कायदेशीर आहे. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकाला पिस्तूल उघडपणे कमरेला लावता येऊ लागले. भारतात तशी मुभा नाही. शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी नेलेले अग्निशस्त्र पूर्ण झाकलेले हवे आणि ते नेणाऱ्याचा त्यावर पुरता ताबा हवा. ते परजायला किंवा त्यातून गोळी झाडायला सक्त मनाई आहे. परवाना मिळाला म्हणजे मिरवायची मोकळीक मिळाली, हा समज त्यामुळे साफ चुकीचा आहे.

परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ खाली मिळतो. ठाणे पोलीस आयुक्तालय १९८१ मध्ये आणि नवी मुंबईचे १९९४ मध्ये सुरू झाले. या दोन्ही हद्दींत परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. आनंदाच्या भरात बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या गेल्या. शिवाय सण, मोर्चे वा निवडणुका तोंडावर आल्या की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघतो. त्यात बंदुकांबरोबर तलवारी, भाले, सोटे, लाठ्याही येतात. गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसे सापडल्याच्या बातमीत शस्त्र अधिनियमाच्या ३ आणि २५ या कलमांच्या जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची ३७(१) आणि (हा आदेश मोडल्याच्या शिक्षेचे) १३५ ही कलमे दिसतात, ती यामुळेच.

उघड्यावर दिसणारी बंदूक बहुतेक वेळा पोलीस, रेल्वे सुरक्षा दल किंवा बँकेच्या सुरक्षारक्षकाची असते. ठाण्यात गोखले रोडवर एटीएमची रोकड घेऊन व्हॅन थांबली की आधी रक्षक उतरतो. बारा बोअरची बंदूक खांद्याला पट्ट्याने अडकवलेली, नळी जमिनीकडे, कमरेच्या पट्ट्यात काडतुसांची रांग. पेटी आत जाईपर्यंत तो शटरला पाठ लावून उभा राहतो. पदपथावरची माणसे काही न बोलता खाली उतरून वळसा घालतात. कोणी पळत नाही, पण सोबतच्या मुलाचा हात जरा घट्ट धरला जातो. गणवेश आणि नेमून दिलेले काम दोन्ही समोर दिसत असल्यामुळे लोक ही बंदूक चालवून घेतात. तो विश्वास ३१ जुलै २०२३ रोजी हादरला. जयपूरहून मुंबईकडे येणाऱ्या एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्याच एका शिपायाच्या गोळीबारात त्याच्या वरिष्ठासह चौघांचा बळी गेला आणि मीरा रोडजवळ गाडी थांबल्यावर त्याला पकडण्यात आले.

साध्या कपड्यांतल्या माणसाच्या कमरेला पिस्तूल दिसले, तर लोक त्याचा अर्थ अगदी वेगळा लावतात. पुढाऱ्याच्या मागे चालणारा, हळदीच्या मांडवात शर्ट मुद्दाम वर सरकवून बसणारा, रीलमध्ये ‘घोडा’ नाचवणारा, यांच्याकडे पाहून कोणाला सुरक्षित वाटत नाही. आपली वट दाखवायला ते हत्यार बाहेर काढलेले असते, हे सगळ्यांना कळते. जमिनीच्या बोलणीला बसताना कमरेचे पिस्तूल काढून टेबलावर ठेवणे ही धमकीच आहे, तोंडातून शब्द निघो वा न निघो.

जमीन आणि बंदूक यांचे नाते इथे जुने आहे. सिडकोने नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घ्यायला सुरुवात केल्यावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना याच लढ्यातून आली. ज्यांच्या घरात ही आठवण जिवंत आहे, त्यांना बंदूक पाहून संरक्षण आठवावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पुढे भूखंडांचे भाव चढले आणि जमिनीच्या व्यवहारांत शस्त्रधारी माणसांची ये-जा वाढली.

अलीकडच्या घटनांनी ही भीती पोकळ नसल्याचे दाखवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथला बैलगाडा शर्यतीच्या वादातून गोळीबार झाला. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्यात, तेही वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, शिवसेनेचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते बचावले. या प्रकरणी कल्याण पूर्वचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. वादाच्या मुळाशी द्वारली गावची जमीन होती.

शस्त्र बाळगण्याच्या बाजूने बोलणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. खंडणीचे फोन आलेला सराफ, रोख रक्कम घेऊन रात्री घरी जाणारा व्यापारी यांना परवान्याची गरज खरीच भासू शकते. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद होता, याचा ते दाखला देतात. संविधानात मात्र तो हक्क आला नाही. अनुच्छेद १९(१)(ख) ने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, तेही शांततेने आणि शस्त्रांविना. सराफाची गरज झाकलेल्या शस्त्रानेही भागते. उघड्या शस्त्राने फक्त शेजारच्या दुकानदाराची झोप उडते.

काही शस्त्रांचे दर्शन समाजाला मान्य आहे. दसऱ्याला पोलीस ठाण्यांत शस्त्रपूजन होते, आणि शिखांच्या कृपाणाला संविधानाच्या अनुच्छेद २५ चे संरक्षण आहे.

निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. सरसकट सगळ्यांकडून ती घेतली जात नाहीत. छाननी समिती परवानाधारकावरील गुन्हे आणि जामिनावर सुटका यांसारख्या बाबी पाहून कोणाचे शस्त्र जमा करायचे ते ठरवते. बँकांच्या रक्षकांना साधारणपणे सूट मिळते. ज्यांचे शस्त्र जमा करायचे ठरते, त्यांना पोचपावती देऊन ते ठेवून घेतात आणि निकालानंतर परत करतात.