पाईप वळतो कमी, चेपतो जास्त, असं का?

मालवण-देवगडकडे होडीवरच्या छपराची चौकट म्हणा नाहीतर पावसाआधी पडवीपुढे लावायची कमान, पाईप वाकवायची वेळ येतेच आणि मशीन असतं फॅब्रिकेटरकडे. मग आपण गुडघ्यावर धरून जोर लावतो, आणि छान वळण यायच्या ऐवजी पाईप मधेच चेपून कायमची घडी पडते.

समजा २५ मिमीचा पाईप ७५ मिमी त्रिज्येवर काटकोनात वळवायचाय. मधल्या रेषेवर साधारण ११८ मिमी धातू, पण बाहेरच्या अंगाला तेवढ्यालाच १३७ मिमी लांब व्हायचंय आणि आतल्या अंगाला ९८ मधे मावायचंय! बाहेरचा भाग ताणला जातो म्हणून आत ओढ घेतो, आतला दाबला जातो म्हणून बाहेर सरकायला बघतो, दोन्ही एकमेकांकडे येतात आणि अडवायला मधे काहीच नाही. भरीव सळई म्हणूनच अशी चपटी होत नाही.

यावर जुना उपाय वाळूचा. एका टोकाला लाकडी बूच मारायचं, बारीक कोरडी वाळू ओतत पाईपला ठोकत राहायचं, वाळू खाली बसायची थांबली की दुसरं बूच घट्ट. यामागची भूमिती मला फार आवडते: तेवढ्याच परिघात सगळ्यात जास्त जागा गोलातच असते, पाईप चपटा व्हायचा तर आतली जागा कमी व्हायला हवी, आणि ठासलेली वाळू जाणार कुठे? त्यामुळे पाईपला जवळपास गोलच राहावं लागतं.

पण समुद्राची वाळू कृपया वापरू नका. तिच्यातलं मीठ आपल्या दमट हवेतलं पाणी ओढतं, आणि ओलसर वाळूचा बंद पाईप ब्लो लॅम्पने तापवला तर वाफ कोंडून बूच गोळीसारखं सुटतं. शिवाय मिठातलं क्लोराईड स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पाडतं. नदीची वाळू धुवून पत्र्यावर नीट भाजून घ्या.

तांब्याची नळी असेल तर वाळू भरायच्या आधीच मंद लाल होईपर्यंत तापवून गार करा, मऊ पडते, वळवता वळवता परत कडक होते. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप मात्र अजिबात तापवायचा नाही, जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो.

बाकी पाईप ज्याच्याभोवती वळवायचा तो फर्मा प्लायवूडचा कापा, त्रिज्या पाईपाच्या व्यासाच्या निदान तिप्पट, वेल्डची शिवण वळणाच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाच्या मधे, कडेला ठेवा, ताणाच्या अंगाला नको. आणि हवा त्यापेक्षा थोडं जास्तच वळवा, सोडला की पाईप जरासा मागे येतोच.