आग कुठे संपते, स्फोट कुठे सुरू होतो

एक किलो कोरडे लाकूड जळताना सुमारे १६ मेगाज्यूल ऊर्जा देते. एक किलो टीएनटी हे स्फोटक देते जेमतेम ४ ते ५. तरीही लाकडाची शेकोटी होते आणि टीएनटीने भिंती उडतात. लाकडाला ऑक्सिजन बाहेरून, हवेतून मिळवावा लागतो. जेवढा पोचेल तेवढेच जळते. टीएनटीच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, कोणाची वाट पाहावी लागत नाही. त्याच्या ज्वलनाची लाट सेकंदाला जवळपास ७ किलोमीटर धावते. ध्वनीपेक्षा वेगवान अशा ज्वलनाला डेटोनेशन म्हणतात.

घरातला गॅसचा स्फोट या दोन टोकांच्या मधला, आणि म्हणूनच नीट समजून घ्यायला हवा. शेगडीवर गॅस बाहेर पडता पडता जळतो, म्हणून ज्योत शांत राहते. तोच गॅस आधी हवेत मिसळला, की इंधन आणि ऑक्सिजन सगळीकडे शेजारी-शेजारी तयार असतात. एलपीजीचे हवेतले प्रमाण साधारण २ ते ९.५ टक्के असेल तरच ठिणगीने पेट घेतो. हिशेब करून पाहा: एक किलो एलपीजीचा वायू होतो सुमारे अर्धा घनमीटर, म्हणजे २५ घनमीटरची छोटी खोली २ टक्क्यांपर्यंत भरायला तेवढा पुरे. शिवाय तो हवेपेक्षा जड. जमिनीलगत साचतो, त्यामुळे त्याहून कमी गळतीही तळाशी धोकादायक थर तयार करते.

पेटल्यावर वायू तापून सात-आठ पट फुगू पाहतो. मोकळ्यावर नुसता भडका उडतो. बंद खोलीत मात्र दाब चढतो, आणि साधी विटांची भिंत वातावरणाच्या दाबाच्या दहाव्या हिश्श्याएवढा जादा दाबही सहसा सोसत नाही. सामानाने भरलेली खोली आणखी वाईट, कारण अडथळ्यांमुळे ज्योत घुसळली जाते आणि तिचा वेग वाढतो.

९.५ टक्क्यांच्या वर मिश्रण पेटत नाही, पण ती सुरक्षितता फसवी आहे: खिडकी उघडताच ते पातळ होत पुन्हा पेटणाऱ्या टप्प्यातून जाते. तरीही हवा खेळवायलाच हवी, फक्त त्या वेळी ठिणगी नको. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर पडा. दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. संपर्क तुटतानाही ठिणगी पडते. फोन बाहेर जाऊन करा.

काही स्फोटांना ज्वलन लागतच नाही. बॉयलर फाटला की दाबाखालच्या अतितप्त (नेहमीच्या उकळबिंदूच्याही वर तापलेल्या) पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. आगीत सापडलेल्या गॅसटाकीचेही तसेच. आतला द्रव खालच्या पत्र्याची उष्णता शोषून घेतो. द्रवाच्या वरचा पत्रा मात्र तापून मऊ पडतो आणि तिथेच फाटतो. त्यामुळे अग्निशामक दल दुरून पाण्याचा मारा करते तेव्हा टाकीचा वरचा भाग भिजत राहणे सर्वांत महत्त्वाचे असते.